कारण लिहायची रेघ

आमच्या मंडळीत रविवारच्या भक्तीला दोन तऱ्हेचं अर्पण जमा होतं. एक थैलीतलं. गायन चालू असताना मखमली थैली बाकांवरून हातोहात फिरते. प्रत्येकाने मूठ झाकून आत सोडायची, कुणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळू नये, अशी रीत. दुसरं पाकिटातलं. दाराजवळच्या टेबलावर छोट्या पांढऱ्या पाकिटांचा गठ्ठा असतो. त्यांवर ‘उपकारस्तुती’ असं छापलेलं, खाली नावासाठी एक रेघ आणि कारणासाठी एक रेघ. ज्याला देवाचे आभार मानायचे असतील त्याने ऐपतीप्रमाणे रक्कम घालायची, कारण लिहायचं आणि पाकीट पुढे द्यायचं. पाळकसाहेब ती कारणं सगळ्यांसमोर वाचतात आणि मंडळी उभी राहून त्यांबद्दल प्रार्थना करते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर पंच कमिटीने मंडळीचा खजिना माझ्याकडे सोपवला. तेव्हापासून पाकिटं फोडून रकमा वहीत चढवायचं काम माझं. रकमेसमोर मी कारणही उतरवून घेतो. ऑडिटला त्याची गरज नसते, पण वर्षाअखेरीला ती पानं मी पुन्हा वाचतो. ‘मुलगी बारावी पास.’ ‘बोअरला पाणी लागलं.’ ‘सुनेची सुखरूप सुटका.’ ‘एसटीच्या अपघातातून वाचलो.’ ‘लग्नाचा वाढदिवस.’ ‘जुना ट्रॅक्टर घेतला.’ आणि सगळ्यांत जास्त वेळा, ‘सर्व आशीर्वादांबद्दल’.

वही लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांचं बरं चाललंय ते बहुधा मोघम लिहितात. ज्यांच्या घरात दुखणं आहे, कर्ज आहे, नुकतंच कुणी गेलंय, ते नेमकं लिहितात. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ हे घराचा वरचा मजला चढवून झालेल्या माणसाचं वाक्य. ‘डायलिसिसहून येताना रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत’ हे दुसऱ्याचं. ‘मुलगा दारू सोडून तीन दिवस घरी जेवला’ हे तिसऱ्याचं. कृतज्ञतेबद्दल मी आजवर पुष्कळ प्रवचनं ऐकली, पण तिचा खरा अभ्यास मला या पाकिटांनी करून दिला.

बँकेतले माझे मित्र कधी कधी विचारत, तुम्ही ख्रिस्ती लोक कशालाही देवाचे आभार कसे मानता हो? घरात मयत झालं तरी उपकारस्तुतीची सभा ठेवता. दुःख होत नाही का तुम्हाला? प्रश्न रास्त आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते विचित्र दिसणारच. म्हणून आधी ही रीत आली कुठून ते सांगतो.

पहिल्या शतकात पौल नावाच्या प्रेषिताने थेस्सलनीका शहरातल्या नव्या मंडळीला पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की कोणतीही परिस्थिती असो, आभार मानत जा. हे वाक्य आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतं आणि त्याचा अर्थही तितकाच घाईने लावला जातो. पौल आपत्तीचे आभार मानायला सांगत नाही. आपत्तीने सगळं नेलेलं नसतं, जे उरलं असतं ते ओळखायला सांगतो. हा माणूस सावलीत बसून उपदेश करत नव्हता. फिलिप्पै गावात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं होतं आणि मध्यरात्री ते दोघे गात होते, असं ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. पुढे त्याच गावच्या मंडळीला त्याने पुन्हा एका कैदेतून पत्र लिहिलं. त्यांनी एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती त्याला मदत पाठवली होती, तो माणूस आजारी पडून मरता मरता वाचला होता. पौल मदत पोचल्याचं कळवतो, कोणी कधी दिलं, याआधी किती वेळा दिलं, हे सगळं नोंदवतो. माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला तो शेवटचा अध्याय सरळसरळ पोचपावती वाटतो. आभारांना देणाऱ्याचं नाव आहे, वस्तू आहे, आणणारा माणूस आहे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी येशूचं शेवटचं जेवण आहे. दुसऱ्या दिवशी आपल्याला मारणार हे ठाऊक असताना त्याने भाकर हातात घेतली आणि देवाचे आभार मानले. वधस्तंभाचे नव्हे, भाकरीचे. जगभरचे ख्रिस्ती लोक प्रभुभोजनात तीच कृती पुन्हा करतात. नंतर बागेत जाऊन त्याने, हे संकट माझ्यापासून टळू दे, अशीही विनवणी केली. एकाच रात्री एकाच तोंडून आभार आणि विनवणी दोन्ही आले.

माझ्या घरी ही रीत कशी आली त्याला मोठा इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं केलं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आम्हा जुन्या लोकांच्या तोंडी नगरच आहे. पुढच्या काही दशकांत नेवासे, राहुरी, शेवगाव या बाजूच्या खेड्यांमधून जे लोक ख्रिस्ती झाले त्यांत बहुतेक महार आणि मांग समाजाचे होते. माझे पणजोबा त्यांतलेच. त्यांच्या आधीच्या पिढ्या येसकरी करत. गावाची राखण करायची, मेलेली ढोरं ओढायची, आणि संध्याकाळी दारोदार उभं राहून भाकर मागायची. जे मिळेल ते शिळंपाकं पदरात घ्यायचं आणि जोहार घालायचा. आभार मानणं हे त्यांचं कामच होतं. गावाचे उपकार, पाटलाचे उपकार, विहिरीवर वरून ओंजळीत पाणी ओतणाऱ्याचे उपकार. पाणी त्यांच्या हक्काचं होतं, तरीही उपकार.

कृतज्ञतेबद्दल गोड बोलणाऱ्यांनी हे विसरू नये. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून आभार मानायला लावलं, त्यांच्याकडून पुन्हा आभार मागणं ही साधी गोष्ट नाही. मग मिशनच्या देवळात जाऊन माझ्या पणजोबांनी पुन्हा आभारच का मानले असतील? आमची आजी याचं उत्तर फार सरळ द्यायची. आता भाकर कुणाच्या दारातून आली तरी देणारा देव, असं एकदा मानलं की माणसापुढे वाकायचं कारण उरत नाही. माणसाला ‘रामराम’ म्हणायचा, ‘सलाम’ म्हणायचा, पण ऋण देवाचं. माझ्या घराण्यात कृतज्ञतेने पाठीचा कणा ताठ केला. जी कृतज्ञता माणसाला दुसऱ्या माणसापुढे लाचार करते तिच्याशी ख्रिस्ती उपकारस्तुतीचं काही नातं नाही, असं माझं ठाम मत आहे.

सुगीच्या सणाला हे डोळ्यांनी दिसतं. कुणी त्याला कापणीचा सण म्हणतं. मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन लोक ऑक्टोबरच्या सुरुवातीला आगेरा करतात, भाताच्या नव्या लोंब्या देवळात आणतात. गोव्यात ऑगस्टमध्ये कोणसांचं फेस्त होतं. आमच्याकडे बाजरी निघाल्यावर किंवा ज्वारीची मळणी उरकल्यावर सवडीचा रविवार धरतात. देवळाच्या पुढच्या भागात उसाची कमान बांधतात. माणसं आपापल्या रानातलं घेऊन येतात. ज्वारीची कणसं, बाजरीची पायली, हरभऱ्याचा ढाळा, तांबडा भोपळा, गवारीची जुडी, करडईचं तेल, पाय बांधलेला कोंबडा, परकराच्या ओच्यात जपून आणलेली अंडी. ज्याला रान नाही तो साखरेचा पुडा आणतो. भक्ती संपली की बाहेर लिंबाखाली लिलाव. दहा रुपयांचा भोपळा पाचशेला जातो आणि घेणारा तो पुन्हा लिलावात ठेवतो. एकच नारळ पाच घरांत फिरून मंडळीच्या खात्यात हजारांची भर घालतो. ज्यांच्या पणज्या शिळी भाकर मागत फिरल्या त्या बायका इथे पहिली कणसं देऊन ताठ उभ्या असतात. माझी आजी शेरभर बाजरी घेऊन जायची. निवडून, पाखडून, एक खडा राहू द्यायची नाही. देणारी आहे मी, असं तिच्या चालण्यात दिसायचं.

या सणाचा उगम बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात आहे. पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकासमोर जायचं आणि आपल्या कुळाची कहाणी बोलून दाखवायची: आमचा मूळपुरुष भटका होता, आम्ही मिसरात गुलाम होतो, आमचा छळ झाला, देवाने सोडवलं, आणि आता ही टोपली. म्हणजे भरल्या टोपलीसमोर उभं राहून रिकाम्या दिवसांची आठवण बोलायची. त्याच पुस्तकात आधी एक इशारा येतो, तो मला संकटातल्या सगळ्या वचनांपेक्षा कडक वाटतो. पोटभर जेवाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील, सोनंनाणं वाढेल, तेव्हा सांभाळा. तेव्हा तुम्ही म्हणाल, हे माझ्या मनगटाच्या जोरावर मिळवलं. संकटात देव आठवतोच. विसर पडतो तो भरभराटीत.

वहीही तेच सांगते. नगर-पुणे रस्त्याला ज्यांच्या जमिनी चांगल्या भावाने गेल्या त्यांची पाकिटं जड झाली आणि कारणं हलकी झाली. रक्कम मोठी, शब्द ‘सर्व आशीर्वादांबद्दल’. मी त्यांना दोष देत नाही. सुखात माणसाला तपशील दिसत नाही, कारण काही अडत नाही. नळाला पाणी येतंय तोवर पाण्याचा विचार कोण करतो? म्हणून चांगल्या दिवसांत आभार मानणं जास्त अवघड आणि त्याची सवय लावून घ्यावी लागते. लूकच्या शुभवर्तमानात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो आणि एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी दूर ठेवलेल्यांपैकी. बाकीचे नऊ वाईट होते असं तिथे लिहिलेलं नाही. ते बरे झाले आणि आपल्या वाटेने गेले, इतकंच.

माझ्या आईने आम्हाला ही सवय १९७२ च्या दुष्काळात लावली. मी तेव्हा शाळेत होतो. कोरडवाहू रान करपून गेलं होतं. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरावं लागे. आई-वडील खडी फोडायला जात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. कामावर मुलांना सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकर थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची. आम्ही तोंडं वाकडी करायचो. रात्री कंदिलाच्या उजेडात जेवायच्या आधी आई म्हणायची, आज काय मिळालं ते एकेकाने सांगा, उगाच ‘देवा तुझे आभार’ म्हणायचं नाही. वडील म्हणत, मुकादमाने हजेरी बरोबर लावली. धाकटी बहीण म्हणायची, सुकडीत गूळ जास्त होता. मी एकदा म्हणालो, आज काहीच नाही मिळालं. आई रागावली नाही. बरं, असं म्हणाली आणि पुढच्याकडे वळली. हे ‘बरं’ मी आयुष्यभर विसरलो नाही. तिने मला खोटं बोलायला लावलं नाही.

त्या काळात जालना आणि सोलापूरकडच्या मिशनच्या माणसांनी काळा खडक फोडून बोअर घ्यायला सुरुवात केली होती. साधे ओतीव हातपंप गावाच्या वापराला टिकत नसत, तेव्हा तिथेच मजबूत पंप बनवले गेले. सोलापूरच्या पंपावरूनच पुढे युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू हातपंप घडला, जो देशभर खेडोपाडी गेला. आमच्या वस्तीवर हातपंप आला तेव्हा आजी दांडा हलवून पाहत होती आणि हसत होती. वरून ओतणारा कुणी नाही. आपला हात, आपली घागर. त्या रविवारी तिने काय अर्पण दिलं ते कुणी वहीत लिहिलं असेल नसेल. मी असतो तर लिहिलं असतं.

आता कठीण भागाकडे येतो. संकटात आभार मानायचे म्हणजे रडायचं नाही, असा एक समज आमच्याच लोकांत पसरलाय. तो बायबलमधून आलेला नाही. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश गाऱ्हाण्यांची आहेत. देवा, कुठे आहेस, किती दिवस, का, असे प्रश्न त्यांत आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एकही ओळ येत नाही, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. ‘ईयोब’ या पुस्तकातल्या ईयोबाने सगळं गमावल्यावर आधी देवाचं नाव धन्य म्हटलं, हे सगळे सांगतात. दोनच अध्याय पुढे त्याने आपल्या जन्माच्या दिवसाला शाप दिला, हे फारसं कुणी सांगत नाही. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला समजावत राहिले. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, आणि ईयोब खरं बोलला असा निवाडा देतो.

आमच्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही असा सच्चेपणा आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ पुष्कळ मराठी वाचकांनी वाचलेलं असतं. त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना काय वाटलं, किती वर्षं ताटातूट सोसली, घरात पैसा कसा टिकत नसे, टिळक कसे तो वाटून टाकत, हे त्यांनी काही न लपवता लिहिलं. देवावरची श्रद्धा आणि नवऱ्याशी भांडण एकाच पानावर आहे. पुढे त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी पूर्ण केलं. ज्या बाईने तक्रार दाबून ठेवली नाही तिच्या कृतज्ञतेवर मी विश्वास ठेवतो.

आणि पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ चा. चोविशी गाठायच्या आत वडील, आई, थोरली बहीण, भाऊ आणि नवरा अशी पाच माणसं गेली. त्यांतली पहिली तिघं दक्षिणेत भटकत असताना दुष्काळाच्या दिवसांत गेली. पदरी तान्ही मनोरमा. १८९६-९७ च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. त्याच सुमाराला त्यांनी आपल्या घरच्या दुष्काळाची हकिकत लिहिली. त्यात दुष्काळ चांगला होता असं कुठे नाही. भूक जशी होती तशी लिहिली आहे. त्यांची उपकारस्तुती त्यांच्या जाण्यात होती: आपण त्यातून वाचलो, तर जे त्यात आहेत त्यांना आणायला जायचं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. त्यानंतर वर्ष पुरं व्हायच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. तोवर त्यांनी सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर पुरं केलं होतं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, ऐकू कमी येत असताना. लेकीच्या मरणाचा अर्थ त्यांनी लोकांना समजावून सांगितला नाही, हातातलं काम केलं.

आमच्या प्रवचनांत नाझी छावणीतल्या पिसवांची गोष्ट फार सांगितली जाते. हॉलंडच्या कोरी टेन बूम आणि तिची बहीण बेट्सी यांना रावेन्सब्रुकच्या छावणीत टाकलं होतं. यहुद्यांना घरात लपवलं म्हणून. बराकीत पिसवांचा सुळसुळाट. बेट्सीने पिसवांबद्दलही आभार मानले, कोरीला ते पटेना. नंतर कळलं की पिसवांच्या भीतीने पहारेकरी आत येत नव्हते, म्हणून त्यांना बायबल वाचता आलं. गोष्ट खरी आहे. पण सांगणारे इथेच थांबतात. बेट्सी डिसेंबर १९४४ मध्ये त्याच छावणीत मेली. ते सांगितल्याशिवाय पिसवांची गोष्ट सांगू नये. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं, आभार मानले की सुटका होते.

तसं शिकवणारेही हल्ली आहेत. आभार माना, दुपटीने मिळेल. मोठ्या मंडपात, लाउडस्पीकर लावून. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. तो देवाशी केलेला सौदा झाला, आणि ज्याला दुप्पट मिळालं नाही त्याच्या माथी वर अपराध बसतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना चालते, सगळ्या धर्मांची माणसं तिथे येतात, मागणीची आणि आभाराची पत्रं देतात. मी कॅथलिक नाही, तरी मुंबईला बदली असताना तिथे जाऊन मागे उभा राहायचो. आभाराची पत्रं वाचली जात तेव्हा दोन बाकांपलीकडे अजून मागणीच घेऊन बसलेलं माणूस असे. दोघं एकाच छपराखाली, एकमेकांना न दुखवता. आभार आणि मागणी शेजारी बसू शकतात, हे तिथे जसं दिसतं तसं मी इतर कुठे पाहिलं नाही.

माझी पत्नी कर्करोगाने गेली. तिच्या किमोच्या महिन्यांत, जमेल त्या रविवारी ती देवळात यायची आणि पाकीट द्यायची. दुपारी इतर पाकिटांबरोबर तेही मीच फोडायचो. घरात ती मला जे बोलत नव्हती ते त्या रेघेवर असायचं. ‘आज जिभेला मिठाची चव कळली.’ ‘नस पहिल्या टोचणीत सापडली.’ ‘शेजारच्या खाटेवरच्या मुलीने वेणी घालायला लावली.’ वेणी कुणाची, हिचे केस तर गेले होते, त्या मुलीची. अक्षर दर आठवड्याला बारीक आणि तिरकं होत गेलं. एका पाकिटावर तिने लिहिलं, ‘आज काही सुचत नाही.’ आत नेहमीची शंभराची नोट होती. पाळकसाहेबांनी तेही इतरांच्या कारणांसारखंच वाचून दाखवलं, आवाज न बदलता, आणि मंडळी उभी राहिली. माझ्या आईचं ‘बरं’ मला त्या वेळी ऐकू आलं.

मी त्या आजाराचे आभार मानलेले नाहीत आणि मानणार नाही. तो मला शत्रू वाटतो, बायबलही मरणाला शत्रूच म्हणतं. तिच्या सहवासाचे आभार मी मानतो, मिठाच्या चवीचे मानतो, त्या मुलीच्या वेणीचे मानतो. ते शिकायला वेळ लागला. तिच्या मातीनंतर कितीतरी रविवार मी पाकीट घेतलं नाही, खजिनदार असूनही, आणि मला कुणी विचारलं नाही. आमच्या मंडळीची ही फार मोठी भलाई.

कारण याच्या उलटही घडतं. पुष्कळ घरी घडतं. मातीहून परतल्यावर चहाचा कप हातात धरून कुणीतरी म्हणतं, देवाची योजना असते, आभार माना. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण उपकारस्तुती हा ज्याचा त्याने द्यायचा शब्द आहे. दुसऱ्याच्या तोंडून तो वदवून घेता येत नाही. पौलाने पाठीवर वळ असताना गाणं म्हटलं, दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ पाहून त्याला गायला सांगितलं नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना, ख्रिस्ती असोत वा नसोत, एक विनंती. मयताच्या घरी जाल तेव्हा पहिले काही महिने अर्थ सांगू नका. पिठलं-भाकरी घेऊन जा. मृत्यूचा दाखला काढायला नगरपालिकेत सोबत जा, बँकेत नॉमिनीचा फॉर्म भरून द्या, पेन्शनचे कागद लावून द्या, दवाखान्याची बिलं तारखेने लावून ठेवा. हे काम रडणाऱ्या माणसाला खरोखर जमत नाही, मी काउंटरच्या अलीकडे बसून वर्षानुवर्षं पाहिलंय. आभार कधी मानायचे, कशाबद्दल मानायचे, मानायचे की नाही, ते त्या घराला ठरवू द्या.